घरच्या माणसानं लिहिलं

१९५५ साली मी बावीस वर्षांचा होतो. त्या साली एक वाक्य माझ्या तोंडून निघायला पाहिजे होतं, ते मी निघू दिलं नाही. ज्या माणसासाठी ते बोलायचं होतं ती आमची घरची, माझ्या पोराची, गणपतची माय, यंदा दिवाळी होऊन आठ दिवसांनी गेली. धान कापणीवर आला होता. सकाळी तिनं अंगण झाडलं, चुलीजवळ बसली, भिंतीला टेकली ती टेकलीच. मी बांधावर उभा राहून मजुरांवर ओरडत होतो. सून धावत आली, म्हणाली, "बाबा, लवकर चला." मी म्हणालो, "चल तू पुढं, येतो." सुनेचं तोंड पाहूनही मी तिथं बांधावर उभा राहिलो, कापणारणींना दोन शब्द बोलूनच निघालो. घरी पोचलो तेव्हा ती गेलेली होती. उशीर करायची माझी सवय जुनी आहे.

आमची नाटक कंपनी होती, हे आता जुन्या माणसांनाच माहीत. माझ्या बापानं दंडारीच्या नाचगाण्यापासून सुरुवात केली, मग दोन रंगवलेले पडदे, एक पेटी, दोन ग्यासबत्त्या आणि दोन बैलबंड्या एवढ्यावर नाटकं उभी केली. कंपनी म्हणजे आम्ही घरचेच. बाप, काका, मी, चुलतभाऊ नामदेव आणि दोन मावसभाऊ. मी राजा नाहीतर पाटील व्हायचो, नामदेव मिशी काढून राणी व्हायचा. वैनगंगेच्या दोन्ही काठांना धान निघाला की गावोगाव शंकरपट भरायचे. दिवसा बैलं धावत, रात्री नाटक. त्या दिवशी गावात पाहुणा नाही असं एकही घर नसे. कापलेल्या धानाच्या बांधीत माती चढवून आम्ही स्टेज करत असू, आणि स्टेजच्या समोर एक खड्डा खणत असू, वरून झाकायला बांबूचा ताटवा. त्या खड्ड्यात प्रॉम्टर बसायचा. आमच्याकडची नाटकं प्रॉम्टरवर चालतात. तो हळू आवाजात वाक्य सांगतो, नट तेच गळा काढून बोलतो. मी तर दुसरीत शाळा सोडलेली. वही हातात दिली तर सुलटी धरायचो, एवढंच.

खड्ड्यात बाप बसायचा. पण त्याच्या डोळ्यात फूल पडलं आणि अक्षर दिसेनासं झालं. घरात वाचणारं दुसरं कोणी नाही. आणि तेव्हाच माझं लग्न होऊन ही घरात आलेली. हिचा बाप मूल गावाकडे शाळेत चपराशी, म्हणून ही चौथी शिकलेली. एका दुपारी ती धान कांडत होती आणि बाप ओसरीत वही डोळ्यांशी नेऊन चाचपडत मोठ्यानं वाचत होता. ही मुसळ न थांबवता म्हणाली, "मामाजी, ते 'क्षमा' हाये, 'श्रमा' नाई." बापानं वही तिच्यापुढं धरली. तिनं मुसळ ठेवलं, हात पुसले आणि दोन पानं वाचून दाखवली... त्या हंगामापासून खड्ड्यात ती. लोक यायच्या आधी घोंगडी पांघरून उतरायची आणि सकाळी लोक उठून गेल्यावर वर यायची. सून नाटकात नेली म्हटलं असतं तर जातीनं वाळीत टाकलं असतं. कोणी विचारलंच, "प्रॉम्टर कोन हाये जी?" तर बाप म्हणायचा, "घरचं मानूस हाये." एवढ्यावर भागायचं.

तिचा आवाज कसा होता ते कसं सांगू. हळू, पण चुकून ऐकू आला नाही असं कधी झालं नाही. मी काय बोलतो आहे याच्याकडे माझं ध्यानच नसे. खालून येईल ते वर जायचं. एकदा पाटलाच्या दरबारात मी नामदेवाला दम देत होतो, तेवढ्यात खालून आलं, "मांगं सरा, ग्यासबत्ती पडून राह्यली!" मी छाती काढून गर्जना केली, "मांगं सरा! ग्यासबत्ती पडून राह्यली!" नामदेव घाबरून मागं झाला आणि तो उभा होता तिथंच बत्ती येऊन फुटली. लोकांनी टाळ्यांनी बांधी डोक्यावर घेतली. घरी येताना बंडीत ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

"म्या जे म्हनन ते सारं म्हनता का जी तुमी?"

"तू म्हनत जा. म्या म्हनत राहीन."

"उद्या म्हनन, म्या गाढव हाओ, मंग?"

"मंग नामदेवच्या तोंडी टाकन."

असं बोलणं होतं आमचं त्या काळात. तीन वर्षं होतं.

आमचं मोठं नाटक एकच. एक पाटील आपल्या विधवा बहिणीला घराबाहेर काढतो, आणि शेवटी आंधळा होऊन भीक मागत तिच्याच दारात येतो. बापानं कुठल्याशा मंडळीकडून उतरवून आणलेलं. त्या वहीला वाळवी लागली आणि शेवटची सात-आठ पानं मातीच झाली. आम्हाला कळलं ते नाटक सुरू झाल्यावर. मी आंधळा पाटील होऊन दारात उभा. नामदेव बहीण होऊन विचारतो, "कोन हाये?" आणि खालून काही नाही. मी काठी आपटली. पुन्हा आपटली. मग खालून आवाज आला, थोडा थांबत, थांबत... आणि मी बोललो, "कोनी नाई, बाई. घर ज्याचं होतं तो मेला. त्याचे पाय तेवढे चालत आले."

बायका रडल्या. बाप्येही रडले. मलाही वर उभ्या उभ्या काहीतरी झालं. वहीत ते नव्हतंच, तिनं तिथल्या तिथं जुळवलं होतं. मग पुढच्या प्रत्येक नाटकात एकेक प्रवेश बदलत गेला. वही मांडीवर नुसती उघडी असायची. घरी दुपारी मी म्हणायचो, "ते वाक्य लांब होते." ती म्हणायची, "तुमचा दम पुरत नाई म्हून म्हना ना." आणि पुढच्या गावी ते वाक्य आखूड झालेलं असायचं. आरमोरीच्या बाजारात लोक मला पाहून म्हणत, "पाय तेवढे चालत आले जी!" मी मिशीवर हात फिरवायचो. मला हळूहळू वाटायला लागलं की माझ्या तोंडून निघालं ते माझंच. खोटं कशाला सांगू, पुरतं वाटायला लागलं.

तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणत असू. पंचावन्नच्या हिवाळ्यात चांद्याच्या एका वकिलानं आमच्याकडे शंकरपटात नाटक पाहिलं आणि कंपनीला चांद्याला बोलावलं. परकोटाच्या आत, मैदानात, लाकडी फळ्यांचं स्टेज. आमच्या कंपनीला एवढा मान कधी मिळाला नव्हता. बाप तापानं घरी पडून होता, म्हणून म्होरक्या मी. तिथं खड्डा खणता येईना, तर ती फळ्यांच्या खाली बसली, समोर एक फट ठेवली. नाटक असं रंगलं की उजाडलं तरी लोक उठेनात. वकील स्टेजवर आले. हातात कोशाचा रेशमी शेला.

ते म्हणाले, "मंडळी, असं नाटक मी चांद्यात पाहिलं नाही. हा शेला नटाला नाही, लिहिणाऱ्याला द्यायचा आहे. आणि त्याच्या नावानं हे पुस्तक मी छापून घेणार आहे. कोणी लिहिलं हे?"

लोक माझ्याकडे पाहायला लागले. आणि माझ्या पायाखालून आवाज आला, हळू, जसा नेहमी यायचा.

"म्हना... घरच्या मानसानं लिवलं."

मी वकिलांच्या हातातल्या शेल्याकडे पाहत राहिलो. तिला वाटलं ऐकू आलं नसावं. नट अडला की प्रॉम्टर आवाज थोडा चढवतो, तसा तिनं चढवला. "म्हना ना जी. घरच्या मानसानं लिवलं." नाव घ्या म्हणाली नव्हती, बायको म्हणा म्हणाली नव्हती. बाप गावोगाव सांगायचा तेवढंच मागत होती. कोणाला कळलंही नसतं. तिला तेवढं पुरलं असतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा नुसतं "म्हना" एवढंच आलं.

तीन वर्षं जे खालून आलं ते मी बोललो. ग्यासबत्तीसुद्धा बोललो. आणि हे एक बोललो नाही. मी म्हणालो, "म्याच लिवलं."

शेला माझ्या खांद्यावर पडला. टाळ्या झाल्या. फळ्यांच्या खाली काही हललं नाही.

परतताना मूलच्या जंगलातून बंडी चालली होती. बाकीचे मागच्या बंडीत गाणी म्हणत होते. मी म्हणालो, "काऊन बोलत नाई व?"

"बोलनारे तुमी. म्या काय बोलू?"

पुढच्या नाटकाला निघताना ती घोंगडी घेऊन आली नाही. बापाला म्हणाली, "मामाजी, मले अंधारात दिसत नाई आता." एकोणीस वर्षांची होती. बापानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आंधळ्याला दिसलं. मी म्हणालो, नसेल येत तर नको येऊ, कंपनी कोणाच्या भरवशावर नाही. काकांनी शेजारच्या गावचा एक वाचणारा आणला. पण वाचणार काय? तिनं रचलेलं काही वहीत नव्हतंच, ते सगळं तिच्या डोक्यात. वहीत जुनी वाक्यं आणि वाळवीनं खाल्लेली पानं. लोक आमच्या तोंडाकडे पाहत, आम्ही खड्ड्याकडे. तो हंगाम कसाबसा ओढला. मधे वकिलांचं पत्र आलं, नाटकाची स्वच्छ नक्कल पाठवा, छापखाना ठरला आहे. पत्र वाचून घ्यायलाही तिच्याजवळच जावं लागलं. तिनं सरळ आवाजात वाचलं, घडी केली, माझ्या हातात दिलं आणि भाताकडे वळली. मी म्हणायला पाहिजे होतं, "बस, तू सांग, आपण लिहून घेऊ, तुझं नाव टाकू." उलट मी वकिलांना निरोप धाडला की वही गहाळ झाली. पुढच्या वर्षी बंड्या विकल्या. कोणी विचारलं की सांगायचो, टूरिंग टाकीज आली, तिनं आमची कंपनी बुडवली. टाकीज आमच्या भागात आली ती त्याच्याही नंतर, पण कोणाला आठवतं?

ती त्याच्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या घरात राहिली. चार लेकरं केली, मोहफुलं वेचली, रोवणी केली, माझ्या आईचं मरेपर्यंत केलं. एका शब्दानं कधी बोलली नाही. भांडली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो. फक्त एकदा. लेकीच्या लग्नात मांडवात दोन शब्द बोलायची पाळी आली, मी वळून तिला हळूच म्हणालो, "काय म्हनू?" ती म्हणाली, "तुमाले येते." आणि पाहुण्यांच्या पंगतीकडे गेली.

तेरवीनंतर काही दिवसांनी आमच्या गावच्या नाटक मंडळाची पोरं संध्याकाळी घरी आली. सुधाकर त्यांचा सचिव, चांगला पोरगा, बोर्ड रंगवायचं त्याचं दुकान आहे. यंदा तेच जुनं नाटक उभं करायचं म्हणत होते. आबाजी, तुम्हाला आठवेल तेवढं सांगा, बाकी आम्ही जुळवतो. मी आंधळ्या पाटलाचं सगळं सांगितलं. बहिणीचं त्या 'कोन हाये?'च्या पुढचं एकही वाक्य सांगता आलं नाही. ती नामदेवाची वाक्यं, आणि नामदेव कधीचा गेला. आता ती वाक्यं या जगात कुठंच नाहीत. मग सुधाकर म्हणाला, "बोर्डावर लेखक म्हणून तुमचं नाव टाकतो."

मी म्हणालो, "म्या नाई लिवलं. हिनं लिवलं. गणपतच्या मायनं."

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. सुधाकरनं माझा हात हातात घेतला. "आबाजी, तुमचा जीव होता आजीवर, समजते आमाले. आजीच्या स्मरणार्थ असं खाली टाकू ना." मी परत सांगितलं, खड्ड्याचं, शेल्याचं, सगळं. एक पोरगा डोळे पुसत म्हणाला, "बायकोसाठी एवढं मोठं मन कोनाचं असते जी!" माझं खोटं त्यांनी आणि त्यांच्या बापांनी एवढी वर्षं पाठ केलेलं. त्याच्यापुढं माझं खरं त्यांना नुसती बायकोवरची माया वाटली. माझीच कौतुकं करत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं आणि चहा न घेता सुधाकरच्या दारात जाऊन बसलो. बोर्ड ओसरीत उभा होता, लेखकाची जागा अजून कोरी. तो म्हणाला, "आबाजी, चहा घ्या." मी म्हणालो, "पहिले लिव." तो म्हणाला, "लोक हासतील जी." मी म्हणालो, "हासू दे. तू लिवत नाई तवरोक म्या इथून उठत नाई, आन मले उचलाची तुही हिंमत नाई." तो बराच वेळ इकडंतिकडं करत राहिला. त्याची बायको दोनदा येऊन पाहून गेली. शेवटी त्यानं ब्रश रंगात बुडवला आणि विचारलं, "आजीचं नाव काय होतं? आमी तं कधी ऐकलंच नाई."

लग्नातल्या नाव घेण्यानंतर मी ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. सांगायला खाली कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "पार्बता."

त्यानं लिहिलं. मी लांबूनच एकेक अक्षर बोटानं लावत वाचून घेतलं, आणि रंग वाळेपर्यंत तिथून हललो नाही.