ऐंशीचा बोर्ड आणि अधिकातले जावई

आमच्या भागात गाडीनं कुणाच्या घरी गेलं की हातात पाण्याचा तांब्या यायच्या आधी एक सवाल येतो. "किती वेळात आलात?" म्हातारी कशी हाय, पोरांचं काय चाललंय, हे सगळं मागून. लातूरहून नांदेडला दोन तासांच्या आत आलो म्हणणाऱ्याकडं सगळे कौतुकानं बघतात. तीन तास लागले म्हणणाऱ्याला विचारतात, "का हो, पंक्चर झालं होतं का?" मला या सवालाची शिसारी आहे. ज्यांच्या घरातला एकेक माणूस याच रस्त्यावर अपघातात गेलाय, तेही हाच सवाल विचारतात आणि हसतात.

मी बत्तीस वर्षं प्रवाशांची बस चालवली. भोकर, किनवट, नायगाव, लातूर, सगळ्या वाटा पायाखालच्या. नोकरी संपली तेव्हा माझ्या हातून माणूस सोडा, बकरी सुद्धा दगावलेली नव्हती. याचं घरात कुणालाच काही नव्हतं. भावकीत माझं नाव 'बैलगाडी' पडलेलं. लग्नाला निघताना माझ्या गाडीत बसायला कुणी तयार व्हायचं नाही, का तर अक्षता हुकतील. अरे, अक्षता आजवर कधी वेळेवर पडल्यात का आपल्यात? नवरदेव अजून पारावर नाचून राहिला असतो आणि हे तिकडं मरणाच्या घाईनं ओव्हरटेक मारून राहिलेत.

मला गाडी शिकवणारे उस्ताद एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. समोर जेवढं दिसतं, तेवढ्यात गाडी उभी राहिली पाहिजे. संपला विषय. बोर्डावर ऐंशी लिहिलं म्हणजे रस्ता कोरडा, उजेड चांगला, समोर चिटपाखरू नाही, अशा वेळी सुद्धा याच्या वर जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस भुरभुरत असेल, गाव जवळ आलं असेल, जनावरं घराकडं निघाली असतील, तर आकडा आपणच खाली आणायचा. साठ, चाळीस, वेळ पडली तर वीस. तो आकडा कुणी बोर्डावर लिहून देत नसतं. हे मी किती जणांना सांगितलं असेल! ऐकणारा मान हलवतो आणि पुढच्या वळणावर हॉर्न वाजवत सुसाट जातो.

आता जावयाचं सांगतो. माझी एकुलती एक लेक लातूरला दिली. जावई शिकलेले, चांगल्या नोकरीत, बोलायला गोड. लग्नात गाडी मीच दिली. हौसेनं दिली असं आम्ही सगळीकडं सांगितलं. मागितली म्हणून दिली, हे खरं. बत्तीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसानं आपल्या हातानं ती चावी त्यांच्या हातावर ठेवली, वर कुंकू लावून, नारळ फोडून. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्या साली अधिक महिना आला. अधिकात जावयाला घरी बोलावून धोंडे जेवू घालायचे, ही आमच्याकडची मोठी रीत. पुरण भरलेले धोंडे, नवे कपडे, पाय धुवायचे, ओवाळायचं. महिनाभर जावई म्हणजे देवच. त्याला कुणी उलट बोलायचं नाही, त्याच्या ताटात काही कमी पडू द्यायचं नाही. लेकीला सातवा महिना लागलेला. दोघं सकाळी लातूरहून नांदेडला आले. गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्या मेव्हण्यानं तोच सवाल टाकला. जावई म्हणाले, "दोन तास बी लागले न्हाईत, मामा." झालं! ओसरीवर नुसता जयजयकार.

लेक तेवढ्यात नळापाशी जाऊन ओकली. बायका म्हणाल्या, दिवस हायत, व्हायचंच. मी तिला पाणी द्यायला गेलो, तर तिच्या डाव्या हाताची बोटं वाकडीच राहिलेली, सरळ होईनात. सगळ्या वाटेनं ती खिडकीवरची कडी धरून बसली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "संध्याकाळी तुम्ही बी चला आमच्याबरोबर लातूरला. तुम्ही शेजारी असलाव की हे हळू चालवतेत. मी सांगून सांगून थकले."

मी म्हणलं, "येतो की." एवढंच तिनं मागितलं होतं माझ्याकडं.

जेवणं झाली. मी स्वतः जावयाच्या पायांवर पाणी घातलं. चारच्या सुमारास निघालो. मी पुढं, लेक मागं, तिच्या बाजूला धोंड्यांचा डबा आणि कपड्यांच्या पिशव्या. निघताना मी म्हणलं, "जावईबापू, मी घेऊ का गाडी? तुम्ही जेवून सुस्तावला असाल." ते हसले. "मामा, तुम्ही आराम करा. तुम्ही चालवली तर लातूर उद्या येईल." सगळे हसले. मी बी हसलो. तिथंच मी शेपूट घातलं.

लोहा मागं पडलं. आभाळ भरलेलं, भुरभुर सुरू झालेली, काचेवर वायपर कुरकुर करत होता. जावयाचा एक हात स्टेअरिंगवर, एक मोबाइलवर. मागं लेकीचा श्वास ऐकू येत होता. मी दोनदा खाकरलो. तिसऱ्यांदा म्हणलं, "रस्ता ओला हाय, जरा..." त्यांनी बोट पुढं केलं. "मामा, बोर्ड बघा. ऐंशी. आणि मी ऐंशीच्या वर हाय का? बघा काटा." काटा ऐंशीवरच होता. वर त्यांनी मला नियम समजावून सांगितला! मला, ज्याची हयात त्यात गेली. मी मुंडी हलवली. अधिक महिन्यातले जावई, सकाळी ज्यांचे पाय धुतले, त्यांना शाम व्हायच्या आत कसं बोलायचं? आणि बोलावं तरी लेकीला सासरी त्याचे टोमणे. अशी सगळी कारणं मी मनात रचली. भेकड माणसाला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही.

अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यापाशी गावकऱ्यांनी दुभाजक फोडून वाट केलेली आहे. शेतं पलीकडं, गाव अलीकडं, बायांनी मैलभर वळसा कशाला घालायचा? पाच वाजले की खुरपणाऱ्या बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन तिथून रस्ता ओलांडतात. मला ती जागा पाठ. बस घेऊन यायचो तेव्हा अर्धा मैल आधीच पाय उचलायचो. लांबूनच मला भारे दिसले, एकामागं एक, सहा-सात. माझा पाय समोरच्या फरशीवर दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता, नुसतं पायपुसणं होतं. तोंडातून शब्द फुटायला पाहिजे होता. "हळू" एवढा दोन अक्षरांचा शब्द. तो निघाला नाही. जावयांनी हॉर्न दिला, लांबलचक, आणि पाय मात्र काढला नाही.

बाया पळाल्या. शेवटची थबकली, मागं सरकू की पुढं जाऊ असं तिचं झालं. तेव्हा कुठं त्यांनी ब्रेक मारला. गाडी ओल्या डांबरावरून आडवी सरकत गेली, आरशाचा दणका भाऱ्याला बसला, बाई रस्त्यावर आपटली, आणि गाडी कडेच्या चिखलात जाऊन थांबली. मागं लेक पुढच्या सीटवर आदळली.

मी दार उघडून बाईकडं धावलो. पन्नाशीची असेल. शुद्धीवर होती. डावं मनगट भलतीकडंच वळलेलं. जावई उतरले ते ओरडतच. "रस्ता तुमच्या बापाचा हाय का? दिसत न्हाई का?" फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून पाच-सात जण पळत आले. एकानं जावयाची नवी कोरी कॉलर धरली, त्या दिवशी आम्हीच दिलेल्या शर्टाची. "कोण चालवत होता रे गाडी?"

आणि मी म्हणलं, "मी."

कसं आलं तोंडात, देव जाणे. 'हळू' आलं नाही, हे आलं. "मी चालवत होतो. हे आमचे जावई हायत. धोंडे जेवून चाललेत."

कॉलरवरचा हात सुटला. अक्षरशः सुटला! "धोंड्याचे जावई हायत व्हय? मग ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. अधिकात जावयावर हात उचलू नये." एका म्हाताऱ्यानं त्यांचा शर्ट झटकून दिला. दुसऱ्यानं खुर्ची आणली. "बसा पाव्हणे, घाबरलाव तुम्ही. चहा घ्या." बाई चिखलात बसलेली, तिला कुणी पाणी विचारलं नाही. पाव्हण्याला आल्याचा चहा आला. माझ्याकडं वळून मात्र सगळ्यांनी तोंड सोडलं. या वयात कशाला चालवताव, डोळे तपासा, घरी बसा. जावयांनी चहाचा घोट घेतला आणि खाली बघत बसले. एकदा सुद्धा म्हणाले नाहीत की मामा नव्हते, मी होतो.

माणसाला वांती यावी असं ते दृश्य होतं. त्यात मीही होतो, सगळ्यांत पुढं.

मी गाडीपाशी गेलो. लेक पोटावर दोन्ही हात ठेवून बसलेली. चेहरा पांढराफटक. "बाबा, बाळ हालत न्हाई."

बाईला तिच्या शेजारी बसवलं. टपरीवरचे म्हणाले, "पाव्हण्यांना बसू द्या इथंच, तुम्ही या दवाखान्यात जाऊन." जावईही म्हणाले, "हां मामा, तुम्ही जाऊन या, मी हाय इथं." बायको कशी आहे, हे बघायला ते खुर्चीवरून उठले नाहीत. मी गाडी चिखलातून काढली. खड्डा दिसला की थांबत, चाळीसच्या आत, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत गेलो. मागं ती बाई एका हातानं स्वतःचं मनगट धरून लेकीला म्हणत होती, "डाव्या कुशीवर व्हय माय. गोड खाल्लंय का काही? गोड खाल्लं की लेकरू हालतंय." लेकीनं डबा उघडला. बाईनं आपल्या धड हातानं तिला धोंड्याचा तुकडा भरवला.

दवाखान्यात नर्सनं लेकीला आत नेलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभा. मला काही मागायची सुद्धा लाज वाटत होती, देवाजवळ बी. वीसेक मिनिटांनी नर्स आली. "ठोके चांगले हायत. घाबरू नका." मी खाली बसलो, तिथंच, ओल्या फरशीवर.

तिकडं बाईच्या हाताला फळी बांधून झाली होती. दवाखान्यातला हवालदार कागद घेऊन आला. "कसं लागलं, मावशी?"

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग त्याला म्हणाली, "पाय घसरला, साहेब. चिखल होता."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगतो. गाडी कोण चालवत होतं हे तिनं बघितलं असणारच, तरी तिनं आपल्याच मनानं आमच्या जावयाची इज्जत राखली, तुटलेल्या हातानं. हवालदारानं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि तो खोलीत गेला. मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. खोटं कशाला बोलू!

लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती. मला वाटलं, ती नवऱ्याबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला सोबत कशाला आणलं होतं मी?"

ती जाऊन बाईच्या शेजारी बाकड्यावर बसली. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या, माझ्याकडं पाठ करून.

मी हवालदाराच्या खोलीत गेलो. म्हणलं, "साहेब, तो कागद चुकीचा हाय. बाई घसरली न्हाई. गाडीनं उडवलं तिला."

"गाडी कुणाची?"

"जावयाची."

"तुम्ही चालवत होताव?"

"न्हाई. फाट्यावर मी तसं बोललो, ते बी खोटं. जावई चालवत होते. मी शेजारी बसलो होतो, तोंड मिटून. ते बी लिहा."

त्यानं पेन खाली ठेवला. वयानं आमच्या जावयाएवढा असेल. मला समजावायला लागला. "मामा, अधिक महिना हाय. पोरीचं बाळंतपण जवळ आलंय. बाई तर काही म्हणून नाही राहिली. कशाला लेकीच्या संसारात काडी घालताव? घरी जा, शांत डोक्यानं इचार करा."

"पेन उचला," मी म्हणलं, आणि जावयाचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. तो लिहीपर्यंत उभा राहिलो.