दार असलेलं एकच घर

शिंगणापूरच्या पलीकडच्या एका वस्तीत घरांना दारं लावत नाहीत. अपवाद एकच, आपल्या पहिल्यावहिल्या रॉकेटांवर काम केलेल्या एका शास्त्रज्ञाचं घर. हे कळलं आणि मी निघालो. भक्तीने नव्हे, संशयाने. आत काही नसलं की कुलूप मोठं असतं, हा माझा अनुभव. सोबत मेव्हणे, बँकेतून निवृत्त, सहलींचे दर्दी.

नगरहून निघून घोडेगावला वळायचं. उसाचे ट्रॅक्टर पुढे असतील तर घाई करू नका. रसवंतीत थांबा, वीस रुपयांत मोठा ग्लास मिळतो.

घराच्या ओट्यावर तीन म्हातारे बसले होते. समोर शास्त्रज्ञांची, म्हणजे तात्यांची, धाकटी बहीण, आक्का.

"आक्का, अवसेच्या आत दार काढा. रीत मोडती."

"तात्याचा चष्मा गेला, कंपासपेटी गेली. आता पेन्सिल तेवढी ऱ्हायली."

"इथं चोरी हुत न्हाई."

"गावातलं कोन करत न्हाई. पावनं करत्यात." आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, म्हातारीनेच विकलं असणार.

आत खाट, फोटो, वाटीत पेन्सिलीचं थोटूक. तात्या इथून सायकलने शाळेत गेले, पुण्यात शिकले, मग थेट दक्षिणेच्या किनाऱ्यावर, उड्डाणतळावर. काम एकच, उड्डाणाआधी सांधा न् सांधा तपासणं.

"समदे म्हनायचे, झालं, उडवा. ह्यो म्हनायचा, न्हाई, पुन्ना उघडा. लई शिव्या खाल्ल्या."

"मग बिघाड निघायचा?"

"एकदा निघाला. बाकी येळी न्हाई. तरी उघडायचाच."

बिनदाराच्या घरातला पोरगा जन्मभर झाकणं तपासत राहिला. माणूस मला आवडला.

परतताना रसवंतीत मेव्हण्यांनी पैशांसाठी खिशात हात घातला. नोटेबरोबर पेन्सिल बाहेर आली.

"आठवण हो. नुसती पडून होती."

मी गाडी वळवली.

म्हातारे अजून ओट्यावरच होते. मी पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली आणि कुणाच्या खिशातून निघाली तेही सांगितलं. सगळ्यात थोरल्या म्हाताऱ्याने ती पाहिली, मग मेव्हण्यांचे चकचकीत बूट पाहिले.

"आक्का, दार ऱ्हाऊ द्या. पर शनवारी उघडं ठेवा."

"ठेवीन की. तुमी बसा पहाऱ्याला."

तेव्हा जाणार असाल तर शनिवारी जा. तिकीट नाही, आक्का चहाही देतात. निघताना म्हातारे खिसे बघतात, रागावू नका.

परवा मेव्हण्यांकडे गेलो होतो. त्यांच्या शोकेसमध्ये गडावरचा चिरा आहे, कुठल्याशा देवळातली घंटा आहे. इतकी वर्षं मी कौतुकाने पाहत आलो. म्हटलं, घंटा जरा काढून दाखवा.

"किल्ली कुठे ठेवलीय, बघावं लागेल," मेव्हणे म्हणाले.