विश्वस्त प्रमिलाबाई

धुळं मागे पडलं आणि मी अक्कांचा पदर पुन्हा ओढला. सप्तशृंगीला पायी निघालो होतो. चालता चालता अक्का हायवेच्या मधे सरकायच्या. ट्रक अगदी अंगाला वारा घालून गेला.

"बेबा, तू नसतीस तर सुटले असते," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

अक्का म्हणजे भडगावच्या प्रमिलाबाई, माझ्या शेजारच्या. नवरा गेल्यावर केळीची बाग त्यांनी एकटीनं उभी ठेवली. गिरणेच्या पाण्यासाठी तहसीलवर मोर्चा गेला तेव्हा बायकांच्या पुढे त्याच होत्या. म्हणून तिथले पुढारी प्रेमराजभाऊ यांनी त्यांना आपल्या पाणी हक्क संस्थेत विश्वस्त केलं. शाल दिली, नारळ दिला. अक्कांना वाटलं, देवळाच्या विश्वस्तासारखंच हे, मानाचं.

मग निवडणूक आली. संस्थेची जीप भाऊंच्या मेव्हण्याच्या प्रचाराला फिरली. ठरावात लिहिलं होतं 'जनजागृतीसाठी', आणि सूचक म्हणून नाव प्रमिलाबाईंचं. कुणीतरी तक्रार केली. जळगावच्या धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून सगळ्या विश्वस्तांना बोलावणं आलं.

"शाल घेतली ना, आता शालीसकट जा," त्यांचा मुलगा योगराज म्हणाला. पण वकीलही त्यानंच शोधला.

तेव्हापासून दारात मोटारसायकल थांबली तरी अक्का मागच्या खोलीत जातात. घास तोंडात फिरत राहतो.

एका लिंबाखाली आम्ही टेकलो. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"वकील म्हणतो, सांगा, मी अडाणी बाई, भाऊंनी दाखवलं तिथं सही केली, मला काही माहीत नव्हतं."

"मग तसं सांगा. सुटाल."

अक्कांनी बाटली न पिताच खाली ठेवली.

"माले बठ्ठं माहीत व्हतं, बेबा, सगळं. मीटिंगमध्ये मी विचारलंसुद्धा, ही गाडी प्रचाराला जाईल ना? भाऊ म्हणाले, अक्का, तुम्ही चहा घ्या." त्या थांबल्या. "मी चहा घेतला."

माहीत असून गप्प बसलेला विश्वस्तही तेवढाच जबाबदार, हेही वकिलानंच सांगितलं होतं.

"तुरुंगात टाकतील का गं?"

"देवी आहे, अक्का."

"तिचंच तर भ्या वाटतं."

उठताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"परत गेल्यावर जळगावला माझ्यासोबत ये. आत येऊ दिलं तर माझ्या मागंच उभी राहा. साहेबांपुढं मी घाबरेन, मला ठाऊक आहे. 'मला माहीत नव्हतं' म्हणायला लागले, की असाच पदर ओढ."