सहा खोल्यांत बारा खड्डे

पेठेतले लोक अजून म्हणतात की मी त्या म्हाताऱ्या विणकराचे पाय खाल्ले. म्हणोत. घराचा तो सौदा कसा जमला आणि कसा बुडाला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

सुताच्या दुकानात गाठोडी उचलण्यापासून माझी सुरुवात झाली. पुढे दलाली करू लागलो. तिशी ओलांडली तेव्हा सोलापुरात विणकरांच्या पेठेत सहा खोल्यांचं एक माळवदी घर विकायला निघालं. भिंती दगडमातीच्या, पण जागा मोक्याची. मालकाला सलग नऊ दिवस चहा पाजून मी किमतीत दीडशे रुपये तोडले. थोडे पैसे माझे, थोडे बायकोच्या पाटल्या मोडून आलेले आणि बाकीचे सावकाराचे, तेच घर त्याच्याकडे गहाण ठेवून. तीन वर्षांत मुद्दल फेडायचं, नाहीतर घर त्याचं.

त्या पेठेत भाडं खोलीवर नसे, खड्ड्यावर असे. हातमागाखाली जमिनीत कमरेइतका खड्डा खणतात. विणकर काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या फळ्या पायांनी दाबतो. सूत तुटू नये म्हणून खड्डा ओलसर ठेवावा लागतो, त्यात रोज पाणी शिंपडतात. एका खड्ड्याचे महिना दोन रुपये. सहा खड्ड्यांचं भाडं बहुतेक व्याजातच जाई. मुद्दल जिथल्या तिथे. मग मी ठरवलं, प्रत्येक खोलीत खड्डे दोन.

शेवटच्या खोलीत हा म्हातारा राही. घरात तेलुगू बोलत, पण जन्म इथलाच. त्याने वितीने जमीन मोजली.

"मालक, भितीपासून दोन हात सोडावं लागतंय. हितं दुसरा बसत न्हाय."

"बसव."

"खड्डा बसंल की. मागनं भित बी बसंल."

शेजारचे विणकर दारात उभे होते, ते हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "भिंत माझी आहे, तिची काळजी मी करीन. तुझा थोरला दुसऱ्या पेठेत मागाला अडीच रुपये मोजतो. इथे दोन्ही खड्डे प्रत्येकी पावणेदोननं देतो. हवं तर घे."

म्हाताऱ्याने भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "पोरगा फुडं बसंल. भितीकडं मी बसतो."

तो कबूल झाला होता, हे मी आजही सांगतो.

वर्षभर बाराही माग चालले. मग एका हिवाळ्यात, भर दुपारी, त्याच्या खोलीची मागची भिंत आत कोसळली. रोजच्या पाण्याने पाया भिजून मऊ झाला होता. मुलगा उडी मारून बाहेर पडला. म्हाताऱ्याचे पाय खड्ड्यात होते, त्याला उठताच आलं नाही. दगडमातीने खड्डा भरून गेला. मी आणि चौघांनी हातांनी उकरून त्याला वर काढलं. जीव वाचला. पाय परत हलले नाहीत. डॉक्टरचे पैसे मी दिले, पण ते कुणी बोलत नाही.

आठव्या दिवशी त्यांच्या जातीच्या पंचांनी मला देवळात बोलावलं. मुख्य पंच म्हणाले, "घर तुमचं, भित तुमची. म्हातारा जगंल तोवर म्हैन्याला आठ रुपये द्या. बाकीचे भाडेकरी कुटं जात न्हाईत."

आठ देणं अंगावर येणार होतं, पण देता आलं असतं. तरी तोंडातून निघालं, "चार."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते सातवर येतील. मी म्हणालो, "बरं, पाच."

"मालक, हा बाजार न्हाय."

मी उठलो आणि पायरीवर जाऊन जोडे घालू लागलो. सुताच्या बाजारात गिऱ्हाईक जोडे घालू लागलं की दुकानदार मागून हाक मारतो. एवढ्या वर्षांत ही युक्ती मला कधी फसली नव्हती. मी सावकाश एक जोडा घातला. मग दुसरा. हाक आली नाही. परत आत जाऊन आठ कबूल करायला चार पावलं पुरली असती. माझ्याने ती टाकवली नाहीत.

अमावास्येला माग बंद असतात. त्या दिवशी सगळ्यांनी सामान हलवलं. खोली सोडताना आपला खड्डा बुजवायचा, ही त्यांची रीत. अकरा खड्डे त्यांनी माती टाकून, चोपून सपाट केले. बारावा भरलेलाच होता. त्यानंतर एकही विणकर माझ्याकडे फिरकला नाही. मुदत संपली आणि घर सावकाराचं झालं.

सावकाराने भिंत बांधली आणि म्हाताऱ्याच्या कुटुंबाला ती खोली फुकट दिली. महिन्याभरात बाकीच्या खोल्या भरल्या. पेठेतून जाताना लोक आता सावकाराला उठून नमस्कार करतात. त्याने सोडलेलं त्या खोलीचं भाडं महिना साडेतीन रुपये होतं. मी पाच म्हणालो होतो.