सशाचे दात आणि माझी जीभ

आमच्या घरी ससा होता. पांढरा, लाल डोळ्यांचा. सीताबर्डीच्या बाजारात बायकोनं तो पाहिला अन् तिथंच अडून बसली. आम्हाला लेकरू नव्हतं. मी घेऊन आलो. सन सत्तरच्या पुढची गोष्ट. तेव्हा मी आरामशिनीवर धार लावायचो, म्हणजे लाकूड चिरायच्या करवतीचा एकेक दात कानसेनं घासायचो. शाळा चौथीपर्यंत.

एका उन्हाळ्यात सशाच्या हनुवटीखालचे केस गेले. आधी ओले, चिकट झाले, मग झडले. खाली लाल कातडी. बायको म्हणाली, "खरूज झाली त्याले." मलाही तसंच वाटलं. आठ दिवस कडुलिंबाचं तेल चोळलं. केस तर आले नाहीतच, वरून सशानं खाणं सोडलं. वाटी हुंगायचा अन् तोंड फिरवायचा.

मग तिनंही जेवण सोडलं.

"तो खाऊन नाही राहिला, मी कशी खाऊ?"

"तू उपाशी राहून त्याचं पोट भरते का वं?"

तिसऱ्या दिवशी टोपलीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेला. रांगेत सगळे गाई-बैल. मागून एक जण म्हणाला, "काय गा, याले वखराले जुपतं का?"

डॉक्टरनं हनुवटीकडं पाहिलंच नाही, सरळ ओठ वर केला. खालचे दोन दात वाढून वरच्या दातांच्या बाहेर आले होते, वाकडे.

"भाऊ, खरूज नाही. दात वाढले म्हणून तोंड मिटत नाही, लाळ गळते. त्या लाळेनं केस गेले."

मी पाहतच राहिलो. केस झडले हनुवटीचे अन् दुखणं दातात! मी रोज दात पाहायचो, पण ते लोखंडाचे, झिजणारे. हे तर वाढतच जातात म्हणे. मग जंगलातल्या सशाचे कोण घासतं? विचारलं. "कडक गवत," डॉक्टर म्हणाले. "तुमी काय चारता?"

"दुधात कुस्करलेली पोळी."

त्यांनी पक्कड काढली. मी त्यांचा हात धरला. "साहेब, तोडू नका, दात उभा चिरन. हे काम मले येते." बारीक कानस खिशात होतीच. त्यांनी ती औषधाच्या पाण्यात धुतली, जबडा धरला, अन् मी हळूहळू घासले.

घरी येऊन तिला दातांचं, कडक गवताचं सांगितलं, अन् वरून तोंडाला आलं ते बोललो, "तुझ्या लाडानंच मरून राहिला होता तो."

तिचा चेहरा पडला. सशाची दुधाची वाटी घासून फळीवर पालथी घातली. मग म्हणाली, "तुमच्या जिभेले नाही लागत वाटते कानस?" अन् गवत आणायला गेली.

ससा गवतापुढं नुसता बसला. आम्ही दोघं समोर. बऱ्याच वेळानं त्यानं एक काडी ओढली. जबडा हलायला लागला. दुसरी ओढली. तिसरी संपल्यावर ती उठली, स्वतःला वाढून घेतलं अन् माझ्याकडं पाठ करून जेवली.

तिला काय माहीत होतं दातांचं? मला तरी कुठं होतं? एवढंच म्हणायचं होतं. त्या दिवशी म्हटलं नाही, पुढंही राहूनच गेलं. आता ती नाही.