सुहासदादांची गोळी आणि वहिनींची आमटी

नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आमची शनिवारची पंगत असते. चार मराठी घरं, आलटून पालटून. पूर्वी विषय ठरलेले असायचे: ऑफिस, सायकलचोर आणि घरांच्या किमती. मग सुहासदादांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आणि गप्पांची गाडी थेट दादांच्या पोटात शिरली. आता किस्से इतके साठलेत की ताक संपतं, पण ते संपत नाहीत!

*

गोळी जेवणासोबत घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आली एकादशी. दादांनी गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली. दुपारपर्यंत छातीत अशी जळजळ, की ऑफिसमधून तडक हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे.

"रिकाम्या पोटी का घेतली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"उपवास होता."

"मग आज काहीच खाणार नाही?"

दादांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं: संध्याकाळी साबुदाणा वडे, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वर थोडा राजगिऱ्याचा शिरा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा तुमचा उपवास असेल, तर मला तुमच्या जेवणाची काळजी वाटते!"

*

दादांची मुलगी इरा इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये. त्यामुळे दवाखान्याचे फोन तिच्याकडे. एकदा ट्राममध्ये असतानाच फोन लागला. दादा तिच्या कानात कुजबुजले, "सांग, जरा... पोट साफ होत नाहीये."

इराने स्वच्छ, खणखणीत डचमध्ये सांगितलं, की माझ्या वडिलांना बुधवारपासून संडास झालेली नाही.

समोरच्या डच आजींनी पर्समधून पोट साफ करणाऱ्या सुक्या आलुबुखारांची पिशवी काढली आणि मायेने दादांपुढे धरली. दादा पुढच्याच स्टॉपला उतरले. घर अजून बरंच लांब होतं.

*

एका शनिवारी पंगतीत दादांच्या पोटावर प्रत्येकाकडे उपाय होताच. कुणी लसणीच्या कॅप्सूल सुचवल्या, कुणी हळदीच्या. आमच्यातली केतकी औषधांच्या दुकानात काम करते. ती उखडली. "लसूण-हळद ताटात पडते तेवढीच खा! या गोळीबरोबर मनाने कॅप्सूल नाहीत, पेनकिलर नाहीत. आणि दादा, शी काळी, डांबरासारखी झाली, तर आतून रक्त जात असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर!"

नेमकी तेव्हाच दादांच्या बायकोची, माधवीवहिनींची काळ्या मसाल्याची आमटी वाढली जात होती. सगळ्यांचे हात थांबले. वहिनींचा चेहरा एवढासा झाला.

"माधवी, मला अजून एक वाटी!" एकटे दादा म्हणाले.

*

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. मी त्यांच्याकडे डबा परत करायला गेले होते. दादा जिना चढताना मध्येच बसले. चेहरा पांढराफटक, धाप लागलेली. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांना फोन करू या.

"काय उपयोग? पाणी प्या म्हणतील, दोन आठवडे बघा म्हणतील," दादा म्हणाले. आमच्या सगळ्यांचा अनुभव तोच, त्यामुळे मीही मान डोलावली.

इराने तरी फोन लावला. ऐकलं, ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचंय."

दादा चपापले. इतक्या वर्षांत इथला डॉक्टर त्यांना 'आत्ता' म्हणाला नव्हता! मी गाडी काढली. वहिनींनी दादांची बाही घट्ट धरून ठेवली होती. खरं सांगते, मला भीती वाटत होती.

पोटातल्या अल्सरमधून रक्त जात होतं. वेळेवर आलात, असं तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. ही गोळी तूर्त बंद, नंतर दुसरी बघू, आणि सोबत ॲसिडिटीची. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग त्याने विचारलं, "शी काळी कधीपासून होत होती?"

दादा छताकडे बघत म्हणाले, "रविवारपासून."

"अहो!" वहिनींचा आवाज चिरकला. "केतकीने एवढं घसा फोडून सांगितलं होतं! बोलला का नाहीत?"

"शनिवारी तुझी आमटी झालेली," दादा हळूच म्हणाले. "सगळ्यांनी आमटीवरच ढकललं असतं. तू परत कधी केली नसतीस."

वहिनींनी ओढणीने डोळे पुसले. "घरी चला तुम्ही. महिनाभर दुधी!"

दादा डॉक्टरकडे वळले आणि आपल्या सगळ्यात चांगल्या डचमध्ये म्हणाले, "डॉक्टर, डिस्चार्जची घाई नाही!"