मेणाचा गोळा

बंदुकीच्या नळीला तोंड लावून ते जोरात फुंकर मारायचे आणि दुसऱ्या हाताचं बोट नळीच्या बुडाशी धरायचे. तिथे एक बारीक छिद्र असतं. आतल्या दारूला त्यातूनच विस्तव पोचतो. कारागीर त्याला बंदुकीचा कान म्हणतात. कान मोकळा असेल तर फुंकरीचा वारा बोटाला लागतो. ते क्षणभर डोळे मिटून थांबायचे, मग मान हलवून बंदूक उस्तादांपुढे ठेवायचे.

"नाई. अजून श्वास मोकळा नाई."

सकाळी आठ वाजता हे वाक्य बोलून ते फळीवर बसायचे, ते मावळतीपर्यंत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. दुकानात आम्ही सगळे त्यांना बाबाजी म्हणत असू. दुकान अकोल्यात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. आत उस्ताद, त्यांचा भाता, भिंतीला खुंट्यांवर टांगलेल्या बंदुका, आणि पुढे चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी एक सागवानी फळी. वाचकहो, तुमच्याही गावात अशी एखादी फळी असेल. कुठे ती न्हाव्याकडे असते, कुठे वैद्याकडे. काम पाच मिनिटांचं असतं आणि बसणं पाच तासांचं.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला होता. गावोगावचे पाटील दुनळी बंदुका घेऊ लागले होते. पुष्कळांना त्या चालवता येत नसत. मूर्तिजापूरकडचे एक पाटील लग्नात बार उडवायला गेले आणि दोन्ही नळ्यांची दारू त्यांनी एकाच नळीत ठासली. सुदैवाने ती पेटली नाही. ती बंदूक घेऊन ते आले तेव्हा बाबाजींनी आत गज घालून पाहिला, बाहेर राहिलेला गज बोटांनी मोजला आणि विचारलं, "पाटील, दोन नवरदेव होते काय मांडवात?"

"काहून?"

"बार दोघाईचा भरला तुमी."

पाटीलही हसले. पुढे ते काम नसलं तरी बंदुकीचा एखादा स्क्रू ढिला असल्याचं सांगत यायला लागले.

असं काही सांगावं लागे, याला कारण होतं. सत्तावनच्या गदराला फार वर्षं झाली नव्हती. बंदुकीच्या दुकानात रिकामी माणसं जमतात हे पोलिसांच्या जमादाराला खपत नव्हतं. त्याने एकदा येऊन सगळ्यांना उठवलं. तेव्हापासून उस्तादांनी नियम केला, की ज्याची बंदूक दुरुस्तीला आली असेल त्यानेच फळीवर बसायचं. बंदूक नीट झाली की सलाम करून उठायचं. मी लोकांचे परवान्याचे अर्ज लिहून देत असे, म्हणून मला जागा होती. सकाळी दुकानात डोकावून शाळेत जायचं, धाकट्या वर्गाला शिकवायचं, दुपारी परत येऊन अर्ज लिहायचे, आणि अर्ज नसेल तेव्हा इंग्रजी पुस्तक उघडायचं, असा माझा क्रम होता.

बाबाजींना या फळीखेरीज दुसरी बसायची जागा नव्हती. त्यांचं सारं आयुष्य कापसाच्या तांड्यांबरोबर राखणदारी करण्यात गेलं होतं. अकोल्याहून अमरावती, नागपूर, तिथून थेट मिर्झापूरपर्यंत लादलेल्या बैलांच्या मागून खांद्यावर बंदूक घेऊन चालायचं, परत यायचं, पुन्हा निघायचं. बायको गेली तेव्हा ते नर्मदेपलीकडे होते. मूलबाळ नव्हतं. मग रूळ अकोल्यापर्यंत आले आणि कापूस गाडीत बसून मुंबईला जायला लागला. त्याला राखण नको होती. बाबाजी घरी आले, तर गल्लीत त्यांना ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. शेजारणीने पहिल्या दिवशी विचारलं, "कोन पाह्यजे तुमाले?" ते स्वतःच्या दाराचं कुलूप काढत होते.

हे त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. आम्हीही हसलो होतो.

तेव्हा त्यांची बंदूक नीट होणं म्हणजे त्यांनी उठणं. आणि ती नीट होत नसे. उस्ताद रोज बारीक सुई घालून कान मोकळा करत, संध्याकाळी बाबाजी ती घरी नेत, आणि सकाळी पुन्हा श्वास अडकलेला असे.

"बाबाजी, तुमच्या घरात हवा खराब हाय," उस्ताद म्हणत.

"बुढी झाली न ते. बुढ्या मानसाचा दम सकायीच अडकते."

"मंग हकिमाले दाखवा."

"हकीम तुमीच हा. बसू काय?"

"बसा. जागा तुमचीच हाय."

आता लिहिताना वाटतं, की हे संभाषण मी शंभर वेळा ऐकलं आणि एकदाही नीट ऐकलं नाही.

माझे वडील तेल्हाऱ्याकडे तेलाचा घाणा चालवत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी स्वतःची सही केली नव्हती. पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची परीक्षा अमरावतीला होती, आणि रूळ तर अजून तिथवर पोचले नव्हते. चालत जायचं होतं. मी फळीवर हे बोललो, तेव्हा बाबाजींनी विचारलं, "कवा निघाचं?" एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बंदूक घेऊन माझ्या दारात उभे होते.

त्या तीन दिवसांत मी वेगळाच माणूस पाहिला. दुकानात ते अंग चोरून बसत. रस्त्यावर त्यांची छाती पुढे असे आणि मला त्यांच्या मागे जवळजवळ पळावं लागे. प्रत्येक विहिरीवर कुणीतरी त्यांना ओळखत होतं.

"काय बाबाजी, दोन साल झाले. कोठी होते?"

"घरी होतो."

"घरी? तुमाले घर हाय?"

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका विहिरीवर मोट हाकणाऱ्या माणसाने बैल थांबवून आम्हाला भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून दिला. बाबाजींनी त्याच्या मुलांची नावं घेऊन विचारपूस केली. मी मनात म्हटलं, ह्या माणसाचं गाव दोनशे कोस लांब आणि बैलगाडीएवढं रुंद आहे.

त्याच दुपारी ज्वारीच्या शेतातून एक रानडुक्कर रस्त्यावर आलं आणि आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं. बाबाजी शांत होते. बंदूक भरलेलीच होती. त्यांनी कानाशी चिमूटभर दारू टाकली, सुती वातीचा पेटता तोडा फुंकून लाल केला आणि नेम धरून चाप दाबला. कानाशी दारू फुस्स करून पेटली, धूर झाला, पण आतला बार उडालाच नाही. डुक्कर खाली मान घालून सरळ निघालं. बाबाजींनी मला एका हाताने मागे लोटलं, बंदूक काठीसारखी उलटी धरली आणि तांड्यावर देत असावेत तशी एक आरोळी ठोकली. डुक्कर आम्हाला घासून पलीकडच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरलं.

बाबाजी बंदुकीच्या कानाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पडला होता. चोरी पकडली गेल्यासारखा. तेव्हा मला वाटलं, हत्याराने दगा दिला म्हणून.

"मास्तर," ते म्हणाले, "दुकानात हे सांगू नोका."

परीक्षा संपेपर्यंत ते अमरावतीला शाळेच्या समोर एका निंबाखाली बसून राहिले. मी बाहेर आलो की विचारायचे, "जमलं?" मी हो म्हटलं की उठायचे.

मला शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईला जायचं ठरलं. ज्यांनी ज्यांनी मला इथवर पोचवलं त्यांच्यासाठी काहीतरी करून जावं, असं मनात फार होतं. शाळेतल्या मोठ्या पंतोजींना मी धोतरजोडा दिला. आणि बाबाजींसाठी काय करावं हे मला त्या रानडुकराने आधीच सांगून ठेवलं होतं.

उस्ताद तेव्हा लेकीकडे बाळापूरला गेले होते. रेल्वेच्या कामावर एक फार हुशार लोहार आला होता. मी बाबाजींकडून दोन दिवसांसाठी बंदूक मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही. लोहाराने जुना कान कापून काढला, तिथे पोलादी चूल, म्हणजे टोपी ठेवायची बारीक नळी, बसवली, नवा घोडा लावला. आता तोडा नको, विस्तव नको. वर ठोकताच पेटणारी तांब्याची टोपी ठेवायची, चाप दाबायचा, बार. "दहा साल हात लावायची गरज नाही," तो म्हणाला. ते शब्द ऐकून मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

उस्ताद परत आले त्या दिवशी मी सगळ्यांदेखत ती बंदूक बाबाजींच्या हातात दिली. पाटीलही होते. बाबाजींनी नवा घोडा पाहिला. मग सवयीने नळीला तोंड लावलं, फुंकर मारली, बोट धरलं.

ते बोट त्यांनी बराच वेळ तसंच ठेवलं.

"मोकळा हाय," ते म्हणाले.

"मंग काय बाबाजी," पाटील मोठ्याने म्हणाले, "सुटले तुमी या फळीवरून."

उस्तादांच्या हातातली कानस थांबली होती. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला वाटलं, दुसऱ्याकडून काम करून घेतलं म्हणून त्यांना राग आला असेल. बाबाजी उठले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं काम केलं मास्तर. लय चांगलं काम केलं." पागोटं नीट केलं, उस्तादांना सलाम केला आणि बोळातून वर चढून गेले. दुसऱ्या दिवशी मी निघालो. गाडीत बसल्यावर माझं मन अगदी भरून आलं होतं. कुणाचंही काही राहिलं नाही, असं वाटत होतं.

वर्षभराने सुट्टीत आलो तो पहिला त्या बोळात गेलो. अमेरिकेतली लढाई संपली होती, कापूस उतरला होता, आणि फळीवर एकटे पाटील बसले होते. मी बाबाजींचं विचारलं. उस्ताद कामावरून उठले. फडताळातून एक डबी काढून माझ्यापुढे उघडली. आत मेणाचा एक गोळा होता, लिंबाएवढा.

"हे काय?"

"त्यायच्या बंदुकीचा श्वास," उस्ताद म्हणाले. "रोज सकायी सुईनं काढत होतो. ज्वारीच्या दान्याएवढा. घरून भरून आनत होते न ते."

मी गोळा हातात घेतला.

"तुमाले मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तुमी मले सांगितलं काहून नाही?"

"बाबाजीनं मले कवा सांगतलं नाई, तर मी तुमाले कसा सांगू?"

पाटील खाली पाहत होते. तेच म्हणाले, "आमी गेलतो घरी बोलवाले. म्या म्हनलं, जमादाराले मी पाहून घेतो, तुमी या. तर म्हने, बंदूक नीट असली की उठाचं, नियम सर्व्याईले सारखा."

"अन् पुन्हा मेण?" मी विचारलं. "नव्या चुलीतही बसलं असतं की."

उस्तादांनी डबी मिटली. "मीच म्हनलं तसं, हसत हसत. की बाबाजी, नवीन मालही बिघडते कधी कधी. तर म्हनले, मास्तरानं देल्लेली चीज बिघडली असं मी कोन्या तोंडानं म्हनू?"

नंतर बाबाजी काही महिने घरातच होते. मग एक दिवस दाराला कुलूप दिसलं. बंदूक बरोबर नेली होती.

मी मूर्तिजापूरला गेलो. आता तिथवर गाडी होती, सकाळी बसून सकाळीच पोचलो. स्टेशनापासून मागे चालत ती विहीर शोधली. मोटेवर तोच माणूस होता. त्याने मला ओळखलं नाही, पण बाबाजींचं नाव काढताच बैल थांबवले.

"आलते न. आठ दिवस होते माह्या खाटेवर. बंदूक दाखवली सर्व्यांले. पोट्ट्याईले म्हने, फुका रे हिच्यात, पाहा वारा कसा येते ते."

"कुठे जातो म्हणाले?"

"पुढं." त्याने हात पूर्वेकडे केला. जुन्या रस्त्यावर गवत वाढलं होतं. "म्या म्हनलं, घरी जा आता, वय झालं. तर म्हने, तथी आता काही काम नाई राह्यलं."

नागपूरपर्यंत मी विचारत गेलो. दोन विहिरींवर ते थांबले होते. तिसरीवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुढे मी पदवी घेतली. आज मी अकोल्यात ज्या शाळेत मुख्य शिक्षक आहे तिथे वर्गाबाहेर एक बाक ठेवला आहे. पालक येतात, बसतात. काय काम आहे, असं शिपायाने विचारायचं नाही, एवढं मी सांगून ठेवलं आहे.

उस्तादांनी तो गोळा मला दिला. माझ्या पेटीत पदवीच्या सनदेजवळ तो असतो. सगळ्यात वर चिकटवलेल्या, शेवटच्या दिवसाच्या दाण्यावर बाबाजींच्या अंगठ्याच्या दोन बारीक रेघा होत्या. मी भिंग लावून पाहत असे. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. दर वैशाखात मेण थोडं मऊ होतं. यंदा पेटी उघडली तेव्हा त्या रेघा मला सापडल्या नाहीत.